उन्हाचं बिल

२४ एप्रिल, गुरुवार, पहाटे पाच वाजून दहा मिनिटे

ताई,
सप्रेम नमस्कार.

रुग्णालयाच्या चादरींची दुसरी फेरी मशीनमध्ये आहे. मी समोरच्या बाकावर बसून, मांडीवर इस्त्रीची फळी ठेवून लिहितो आहे. फोन केला असता, पण फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस, आणि मग मी जे बोलायचं नसतं तेच बोलून बसतो. कागदावर मला निदान खोडता येतं.

बिल आलं. छतावर सोलर बसवल्यानंतरचं पहिलं. मी पाकीट फोडायच्या आधी हात धुऊन आलो होतो, इतका मी आनंदात होतो. दरमहा हजार युनिट येतात आपले, नऊ हजाराच्या आसपास. हे बिल आहे बाराशे युनिटचं. दहा हजार आठशे.

मी तीनदा वाचलं. मग आपला ग्राहक क्रमांक जुळवून पाहिला, दुसऱ्या कुणाचं तर आलं नाही ना म्हणून. आपलंच आहे. वर आईचं नावही बरोबर आहे.

तूच समजावलं होतंस: दिवसा छतावरची वीज तारेतून कंपनीकडे जाते, पहाटे आणि रात्री कंपनीची आपल्याकडे येते, महिनाअखेर वजाबाकी. मग ही बेरीज कशी झाली? ऊन माझ्या छतावर आणि बिल माझ्या डोक्यावर, हा काय प्रकार आहे? बँकेचा चार हजार शंभरचा हप्ता याच महिन्यापासून सुरू झाला. तो बिलातल्या बचतीतून जाईल असं तू आईसमोर बसून मांडून दाखवलं होतंस, म्हणून तिने ठेव मोडून चाळीस हजार काढून दिले.

मला एक शंका आहे, ती तुलाच सांगतो. आई दिवसभर वर असते. ती पंखा बंद करत नाही. पाणी दोनदा तापवते. विचारलं की म्हणते, "तुझ्या वडलांनी जन्मात पंख्याचा हिशेब मागितला नाही." तू वीज कंपनीत, त्यातून ऊर्जा बचत कक्षात, तुझं ती ऐकेल. तिला जरा समजाव.

आणि माझं काही चुकत असेल तर तेही कळव. मी तुमच्या पत्रकातलं सगळं पाळतो आहे.

तुझा
बारक्या

—

३० एप्रिल

बारक्या,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आलं. बिल फोडायला हात धुऊन येणारा ग्राहक आमच्या कंपनीला दुसरा मिळायचा नाही!

घाबरू नकोस. पहिलं बिल कधीच सरळ येत नाही. मागचा महिना, पुढचा महिना एकात एक अडकलेले असतात. पुढच्या वेळी आपोआप जुळेल.

तोवर एक कर. सोबत आमच्या नव्या योजनेचं पत्रक पाठवते आहे, "दुपार बंद". उन्हाळ्यात बारा ते चार सगळं शहर पंखे आणि थंड हवेची यंत्रं लावून बसतं, तेव्हा आमच्या तारा अक्षरशः रडकुंडीला येतात. त्या वेळात ज्या दुकानांनी आपली यंत्रं बंद ठेवली आणि छतावरची सगळी वीज आम्हाला दिली, त्यांना युनिटमागे एका रुपयाची सवलत वर. योजना माझी आहे, मी लिहिलेली, आणि पहिल्या पानावर फोटो तुझा आहे. डोळे बारीक झालेत उन्हाने, पण ऐटबाज दिसतोस. तुझी मशीनं पहाटे आणि संध्याकाळी चालव. दुपारी घरात एक दिवासुद्धा नको. जेवढं बंद ठेवशील तेवढं आमच्याकडे जमा.

आईला मी बोलते. तूही बोल, पण गोडीने. जुन्या माणसांना सवय लागायला वेळ लागतो.

हो, एक विचारायचं राहिलं. तुमच्याकडे आता पांढरा मीटर आहे ना? मार्चअखेर माणूस येऊन बदलून गेला असेल. उगीच विचारते.

तुझी
ताई

—

२७ मे, मंगळवार, सकाळी अकरा

ताई,

दुसरं बिल आलं. सोळाशे युनिट. चौदा हजार चारशे.

महिनाभर मी दुपारी बारा ते चार काहीही चालू दिलेलं नाही. बाराच काय, नऊ ते पाच म्हण. पहाटे तीनला उठून मशीनं लावली, इस्त्री रात्री केली. इस्त्रीवाला सोडून गेला, म्हणाला, "घुबडासारखं काम करायला मी घुबड नाही." दुपारी घर भट्टी होतं. आई ओली चादर अंगावर घेऊन जमिनीवर निजायची. मला म्हणायची, "तुझ्या सूर्याला सांग, जरा सावलीत बस." मी हसायचो. वाटायचं, चार महिने काढू, हप्ता सुटेल.

आणि सोळाशे!

बिल घेऊन तुमच्या कार्यालयात गेलो. खिडकीतल्या माणसाने संगणकात बघितलं आणि म्हणाला, "वापर वाढलाय तुमचा. लोकांचं असंच असतं, सोलर लागलं की हात सैल सुटतो. फुकट आहे म्हणतात आणि सगळं लावून बसतात." मी म्हटलं, आम्ही तर सगळं बंद करून बसतो. तो म्हणाला, "तुम्ही दुकानात असता ना? मग घरातल्यांना विचारा." त्याने रांगेतल्या मागच्या माणसाला हाक मारली आणि मी बाजूला झालो.

मी घरातल्यांना विचारलं.

"आई, तू दुपारी पंखा लावतेस."

"नाही लावत."

"मग सोळाशे युनिट कुणी खाल्ले?"

"मला काय विचारतोस? मी काय युनिट तोंडी लावते?"

"मी खाली राबतो आणि तू वर चोरून..." एवढं मी बोललो. पुढचं बोललो नाही, पण तिला ऐकू गेलं. मग मी तिच्या खोलीचा फ्यूज काढून खिशात टाकला. दोन दिवस तो माझ्या खिशातच होता. काम करताना मांडीला टोचायचा.

तिसऱ्या दिवशी ती मावशीकडे निघून गेली. पिशवीत दोन पातळं आणि औषधं. दारातून म्हणाली, "ज्या घरात मी चोर, त्या घरात माझ्यावर पंखा फिरायची गरज नाही. आता बघ तुझं बिल किती उतरतं."

तू म्हणशील मी जास्त बोललो. मला तसं वाटत नाही. पैसे झाडाला लागत नाहीत. मागचं बिल मी भरलं, हे भरायला माझ्याकडे नाहीत. अठरा जूनपर्यंत भरलं नाही तर जोडणी तोडणार, असं बिलाच्या तळाशी लाल अक्षरांत आहे. रुग्णालयाच्या मॅनेजरने कधीच सांगून ठेवलंय: चादरी एक दिवस चुकल्या तर काम दुसरीकडे. ते काम गेलं तर दुकानात उरतं काय? शेजाऱ्यांचे शर्ट.

मीटर काळाच आहे. जुना, कोपऱ्यात तडा गेलेला. कुणीही आलं नाही. तू "बदलून गेला असेल" असं का लिहिलंस?

बारक्या

—

३१ मे

बारक्या,

घाईत लिहिते. पत्र मिळताच छतावरच्या सोलरचा खटका खाली कर. जोडणीची फेरतपासणी व्हायची आहे, तोवर बंद असलेलं बरं. कारणं विचारत बसू नकोस, कर.

आईला आजच्या आज घेऊन ये. तिने काहीही केलेलं नाही, हे मी तुला खात्रीने सांगते. फ्यूज आधी लाव, मग जा.

बाकी मी इथे बघते आहे.

ताई

—

८ जून, रविवार, दुपारी साडेतीन

ताई,

मी खटका खाली केला नव्हता. तुझं पत्र वाचून मला वाटलं, तुमच्या कंपनीला आमच्यावर चोरीचा संशय आहे आणि तू मला तपासणीआधी आवराआवर करायला सांगते आहेस. तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, ज्याने एक दिवा जास्त लावला नाही त्याने आवरायचं काय? शिवाय सोलर बंद केलं तर हप्ता कशातून देऊ? म्हणून चालूच ठेवलं.

आई नाही, मग वीज जाते कुठे? मला वाटलं शेजारी कुणी तार टाकून घेतो आहे. आज रविवार, दुकान बंद. सकाळी अकराला मी घरातले आणि दुकानातले सगळे फ्यूज काढून टेबलावर ओळीने मांडले. मशीनं, पंखे, दिवे, पाण्याचा पंप, सगळं मेलेलं. मग स्टूल घेऊन मीटरसमोर बसलो. त्यावरचा बारीक लाल दिवा वीज मोजली गेली की लुकलुकतो. आज तो लुकलुकायला नको होता.

तो लुकलुकत होता, ताई. घाईघाईने, एखाद्याला धाप लागावी तसा.

मी बाहेर जाऊन भिंतीवरची प्रत्येक तार हाताने, म्हणजे काठीने, माग काढत बघितली. कुणीही काही टाकलेलं नाही. परत येऊन बसलो. तेवढ्यात एक ढग आला. खोलीतला उजेड मंदावला आणि दिवा मंदावला. ढग गेला. दिवा पुन्हा पळायला लागला.

मला समजलं, पण विश्वास बसेना. छतावर गेलो, खटका खाली केला, धावत खाली आलो. दिवा थांबलेला. वर गेलो, खटका वर. दिवा चालू. असं पाच वेळा केलं. पाचव्या वेळी जिन्यातच बसलो.

आमचा मीटर येणारी वीजही मोजतो आणि जाणारीही. दोन्ही खाती एकाच नावावर: वापर. मी तुम्हाला जी वीज दिली ती तुम्ही मला विकली. भर दुपारी आई ओल्या चादरीत निजून जेवढी बचत करत होती, तेवढं बिल वाढत होतं. तिने पंखा लावला असता तर बिल कमी आलं असतं! हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचतो आहे आणि मला काहीतरी फोडावंसं वाटतं आहे.

मग मी तुझं पत्र काढलं. "तिने काहीही केलेलं नाही, हे मी तुला खात्रीने सांगते."

ही खात्री कुठून आली? तू इथे नव्हतीस. माझ्या पत्रात मी तिला दोष दिला होता. खात्री ज्याला कारण माहीत असतं त्याला असते. "पांढरा मीटर आहे ना, उगीच विचारते." उगीच!

वडील गेले तेव्हा मी नववीत होतो. दोघांपैकी एकालाच शिकवता येईल असं आई म्हणाली आणि मी दप्तर ठेवून इस्त्री धरली. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. मी लोकांना सांगत आलो, आमची ताई वीज कंपनीत आहे. तुझ्या पत्रकावरचा माझा फोटो मी दुकानात चिकटवला होता. त्याआधी मार्चमध्ये दोघा गिऱ्हाइकांच्या छतांवर मी स्वतः सोलर बसवायला लावलं. आता त्यांना तोंड कसं दाखवू?

मला समजूत नको. तुला केव्हापासून माहीत होतं, एवढंच लिही.

खटका आता खाली आहे.

—

१३ जून

बारक्या,

तुझं पत्र कार्यालयात वाचलं. चूक झाली, घरी वाचायला हवं होतं. शिपाई पाणी घेऊन आला.

तू विचारलंस तेवढंच आधी लिहिते. तुझं दुसरं पत्र आलं, मीटर काळा आहे असं तू लिहिलंस, त्या संध्याकाळी मला कळलं. त्याआधी भीती होती.

आता बाकीचं. मार्चअखेर आम्हाला दोनशे छतं दाखवायची होती. वरून आकडा आला होता. दोनशे बारा छतं तयार झाली, आणि दोन्हीकडची वीज वेगळी मोजणारे पांढरे मीटर आले चाळीस. मीटर बदलल्याशिवाय सोलर चालू करायचं नाही असा नियम आहे. साहेब म्हणाले, "बाई, मीटर पंधरा दिवसांत येतात हो. कागद मात्र आजच हवाय. एकतीस तारीख काही तुमच्या मीटरसाठी थांबणार नाही." मी दोनशे बारांवर "मीटर बदलला" अशी सही केली. मला वाटलं, पंधरा दिवसांत कुणाचं काय बिघडणार. जुने मीटर जाणारी वीजही वापरात धरतात हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं नाही. आणि त्याच माणसांना मी ती वीज जास्तीत जास्त पाठवायला शिकवत होते, दुपारी सगळं बंद करून.

तुझं बिल बघून मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, जूनअखेर मीटर येतील, गुपचूप बदलू, बिलं हळूहळू समायोजित करू, बोभाटा नको. मी गप्प बसले, कारण सही माझी आहे, त्यांची कुठेच नाही.

सोबत मनिऑर्डरने वीस हजार पाठवते आहे. अठराच्या आत बिल भरून टाक, जोडणी तुटू देऊ नकोस. आणि साहेबांनी आपल्यापुरता मार्ग काढलाय. एक अर्ज पाठवते. आईने सही केली की दोन्ही बिलं लगेच दुरुस्त होतील. त्यात एवढंच आहे की ग्राहकाने परवानगीची वाट न पाहता स्वतःहून सोलर चालू केलं. फक्त एक वाक्य आहे, बारक्या. त्याने कुणाला शिक्षा होत नाही. माझी नोकरी मात्र वाचते.

तू चिडणार हे मला माहीत आहे. चिड, पण सही घे.

ताई

—

२१ जून, शनिवार, रात्री

ताई,

तुझा अर्ज घेऊन मी मावशीकडे गेलो. जोडणी आईच्या नावावर आहे, सही तिचीच हवी.

आधी मी तिला मीटरचं सांगितलं. ती मावशीच्या भाजीच्या टोपलीतून शेंगा सोलत होती. सोलायची थांबली नाही. मी म्हटलं, "आई, माझं चुकलं." ती म्हणाली, "ते मला त्याच दिवशी माहीत होतं. तुला कळायला ऊन लागलं."

मग अर्ज पुढे केला. तिला चष्मा नव्हता म्हणून मी वाचून दाखवला. मी मुद्दाम काही न सांगता वाचला, तुझ्या बाजूने नाही की विरुद्ध नाही. ती म्हणाली, "परत वाच." मी परत वाचला.

"म्हणजे चूक कुणाची म्हणे?"

"तुझी. तू न विचारता चालू केलंस."

"मी छतावर कधी चढले आहे का?"

"नाही."

"मी चोरी केली नाही म्हणून घर सोडलं. आता चूक माझी म्हणून सही करू? एका लेकराने चोर म्हणायचं, दुसऱ्याने खोटारडी. मला काय रस्त्यावर आणून उभं करायचंय दोघांना?"

मी सांगितलं की तुझी नोकरी जाईल. तिने हातातली शेंग टोपलीत टाकली. मग म्हणाली, "तिने दोनशे घरांवर सही केली तेव्हा त्या घरांत माझ्यासारख्या बायका नव्हत्या होय?" आणि अर्ज माझ्या हातात परत दिला. त्याला शेंगांचा डाग लागला आहे. तसाच परत पाठवतो आहे.

तुझे वीस हजार आले. मी त्यांतून बिल भरलं नाही. न वापरलेल्या विजेचे पैसे मी देणार नाही, तुझ्या हातूनही देणार नाही. अठराला लाइनमन आला. भला माणूस होता, चप्पल बाहेर काढून आत आला. त्याने तार सोडली आणि सगळं गप्प झालं. मी मूर्खासारखा छतावर जाऊन खटका वर केला. लखलखीत ऊन होतं. खाली एक बल्ब लागेना.

लाइनमन म्हणाला, "कंपनीची वीज गेली की हीपण बंद पडते, दादा. तारेवर चढलेल्या माणसाला उलटा झटका बसू नये म्हणून तसं केलेलं असतं."

बरोबर आहे. तारेवरच्या माणसाचा विचार केला आहे. तारेच्या टोकाच्या माणसाचा नाही.

आई त्याच संध्याकाळी परत आली. मला माफ केलं म्हणून नव्हे, "दीडशे चादरी एकटा कसा धुणार आहेस?" म्हणून. अंगणात दोन टिपं, म्हणजे अर्ध्यात कापलेली पिंपं, मांडली आहेत. आई चादरी तुडवते, मी पिळतो. कोळशाची इस्त्री एका जुन्या धोब्याकडून आणली. माझ्या दोन्ही तळव्यांना फोड आले आहेत, म्हणून अक्षर वाकडं आहे. मॅनेजरने एक दिवस उशीर पोटात घातला, दुसऱ्या दिवशी अर्ध्या चादरी दुसरीकडे दिल्या.

वीज कंपनीच्या तक्रार मंडळाकडे आईच्या नावाने अर्ज टाकला आहे. सुनावणी चार जुलैला. ज्या दोन गिऱ्हाइकांना मी सोलर लावायला सांगितलं होतं, त्यांच्याकडे गेलो आणि त्यांच्याही घरी फ्यूज काढून दिवा दाखवला. एकाने मला धक्का मारून बाहेर काढलं, मग मागून हाक मारली. दोघेही येणार आहेत. त्यांनी आणखी अकरा घरं शोधली आहेत.

तुझं नाव निघणार. मी ते झाकणार नाही. हे तुला तोंडावर सांगायचं म्हणून लिहितो आहे, नाहीतर लिहायची इच्छा नव्हती.

बारक्या

—

२ जुलै

बारक्या,

डाग पडलेला अर्ज मिळाला. आईचं बोलणं तू जसंच्या तसं लिहिलंस. एखादा शब्द गाळला असतास तरी चाललं असतं.

काल मी मंडळाला लिहून दिलं: दोनशे बारा सह्या माझ्या, बदललेले मीटर चाळीस, उरलेल्या एकशे बहात्तर घरांची बिलं चुकीची आहेत. कुणी सांगितल्यावरून सही केली तेही लिहिलं, पण सही माझीच असं आधी लिहिलं. प्रत साहेबांना दिली. ते म्हणाले, "बाई, तुम्हाला वेड लागलंय का? घरचं भांडण दप्तरात आणताय?" मी म्हटलं, दप्तरातलं भांडण मी घरात नेलं होतं, ते परत आणते आहे.

दुपारी मला निलंबनाचा कागद मिळाला. चार तारखेला मी मंडळासमोर असेन. तुमच्या बाजूला बसेन असं समजू नकोस. मला कुठे बसवतात ते त्यांनी ठरवायचं आहे.

आईला सांगू नकोस. सांगितलंस तरी चालेल.

ताई

—

११ जुलै, शुक्रवार, सकाळी सात

ताई,

काल सायंकाळी वीज आली. मंडळाचा हुकूम तू ऐकलासच, पण इथे काय झालं ते लिहितो.

तोच लाइनमन पांढरा मीटर घेऊन आला. बसवायला त्याला वीस मिनिटं लागली. तीन महिन्यांत कुणाला ही वीस मिनिटं मिळाली नव्हती. दोन्ही बिलं रद्द झाली आणि नवीन बिलं येणार आहेत. एकशे बहात्तर घरांचंही तसंच करा असं हुकुमात आहे, पण त्यांना मुदत दिली आहे सहा महिन्यांची. आम्हाला बिल भरायला पंधरा दिवस असतात. सुनावणीत तुमच्या साहेबांनी "तांत्रिक विलंब" हा शब्द किती वेळा वापरला! आई मागून मला विचारत होती, "हा तांत्रिक कोण? त्याला का नाही बोलावलं?"

तू उभी राहून बोललीस तेव्हा मी खाली बघत होतो. मला तुझा अभिमान वाटला असं लिहिणार नाही. जे एप्रिलअखेर दोन ओळींत लिहायचं होतं, ते तू जुलैत बोललीस. मधल्या दिवसांत मी आईला चोर म्हणून बसलो. ते माझं मी बघेन, पण त्यात तुझा वाटा आहे आणि तो मी माफ केलेला नाही. सुनावणी संपल्यावर आई तुझ्याकडे निघाली होती, मीच तिला अडवून रिक्षात बसवलं. तेव्हा मला तुझ्याशी बोलायचं नव्हतं. अजून नाही.

वीज आल्यावर आईच्या खोलीचा फ्यूज लावला. रात्री वरून हाक आली, "पंखा लावू का साहेब? चालेल ना?" मी म्हटलं, लाव. "बघ हं, नाहीतर परत सोळाशे व्हायचे." ती हे आता वर्षभर ऐकवणार आहे. ऐकेन.

आज सकाळी तिने विचारलं की निलंबन म्हणजे पगार अर्धा का पूर्ण बंद. मी म्हटलं, अर्धा. ती म्हणाली, "मग तिने पाठवलेले पैसे तिला परत धाड. आणि जेवते का ते विचार." विचारतो: जेवतेस का?

खाली हिशेब दिला आहे. तपासून घे, आकडे तुलाच जास्त कळतात.

झालेला खर्च:
आईच्या मोडलेल्या ठेवीतले — ४०,०००
बँकेचे तीन हप्ते — १२,३००
एप्रिलचं बिल भरलं — १०,८००
कोळसा, टिपं, साबण, इस्त्रीचं भाडं — २,१५०
सुनावणीला जाण्यायेण्याचं भाडं, दोघांचं — १८०

कंपनीचं आमच्याकडे येणं, दोन्ही महिन्यांची खरी वजाबाकी करून — ७,२००
भरलेल्या १०,८०० मधून ते वजा जाता कंपनीकडून आम्हाला येणं — ३,६००
"दुपार बंद"ची सवलत, सहाशे युनिटची, तुमच्याच पत्रकाप्रमाणे — ६००. ही मी सोडणार नाही.
रुग्णालयाच्या अर्ध्या चादरी गेल्या, दरमहा — ६,५००. हे कुणाकडे मागायचं ते हुकुमात नाही.

तुझे वीस हजार आजच मनिऑर्डरने परत करतो आहे, पूर्ण. पाठवायचा खर्च मी माझ्या खिशातून केला. तो तुझ्याकडून येणं — १००. मनिऑर्डर करू नकोस, घरी येऊन दे.

बारक्या